खांद्यापर्यंत हात

तुमचा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसणार नाही, आणि पटकन विश्वास बसेल अशी गोष्ट सांगण्यात मला आयुष्यात कधी मजाही आलेली नाही. पण चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासलेल्या, काचेवर परक्या बोटाचा ठसा दिसला तरी जो काच दोनदा धुतो अशा माणसानं, म्हणजे मी, या वसंतात या घराच्या मागच्या अंगणातल्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये आपला हात खांद्यापर्यंत घातला. हातमोजा न घालता. असं मी मेहुण्यांना सांगितलं आणि ते काय म्हणतात याची वाट बघत खुर्चीत मागे रेललो. मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. गुरांचे डॉक्टर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. माणसाचा हात खांद्यापर्यंत कुठे कुठे जाऊ शकतो याची माहिती त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही उमटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, डावा की उजवा. मी उजवा म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू उजवा म्हणजे ठीक, डावा असता तर जरा शंका आली असती. व्हरांड्याच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, माझी बायको एका पसरट पाटीत शेणखत आणि माती कालवत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. गोष्ट मी सांगत होतो मेहुण्यांना, पण ती होती तिच्यासाठी. कारण संध्याकाळी मेहुण्यांची गाडी शहराकडे परत निघणार होती, आणि त्या गाडीत मी बसायचं की नाही ते आज ठरायचं होतं. तसं तिनंच आठ दिवसांपूर्वी सांगून टाकलं होतं, भांडून नव्हे, रोपांना पाणी घालता घालता: भाऊजी येतील त्या दिवशी काय ते ठरवू, तुमची किळस गेली असेल तर इथे राहा, नसेल तर त्यांच्या गाडीत बसा, मी रागावणार नाही. ती रागावणार नाही, हेच मला भयंकर वाटलं होतं. रागावलेल्या बायकोशी कसं वागायचं ते मला चांगलं येतं, त्याचा सराव आहे.

सुरुवात झाली ती एका गोगलगाईपासून. शहरातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली सिमेंट, वर सिमेंट, मध्ये आम्ही दोघं आणि पुसून पुसून गुळगुळीत झालेली फरशी. थंडी सरत आलेली. सकाळी दात घासायला न्हाणीघरात गेलो तर आरशाखाली, माझ्या ब्रशच्या दांड्यावर, गोगलगाय. शंख नसलेली, नुसतंच अंग. करडी, ओली, चष्म्याच्या डबीएवढी. मेहुणे म्हणाले, एवढी होत नाही. मी ती निम्मी केली. निम्मी होते, ते म्हणाले. ती चालत होती असं म्हणवत नाही, ती स्वतःला पुढे पुढे ओतत होती आणि मागे एक चकचकीत पट्टा ठेवत होती, आणि त्या पट्ट्यावर खिडकीतला उजेड असा पडला होता की मला माझ्याच कामाची आठवण झाली, ओली काच शेवटचा हात फिरवून झाल्यावर जशी झळकते, अगदी तशी. ते मला सहन झालं नाही. घाण घाणीसारखी दिसली तर माणूस तिच्याशी काहीतरी समझोता करतो. पण तिनं माझ्या आयुष्यभराच्या कारागिरीसारखं चमकावं, आणि तेही ज्या वस्तूनं मी तोंड साफ करतो तिच्यावर. मी त्या पट्ट्याचा माग काढत गेलो: बेसिनवरून भिंतीवर, भिंतीवरून दाराच्या चौकटीवर, तिथून धुण्याच्या मशीनमागे. मशीनमागे एक कापडी पिशवी होती. पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काटक्या, आणि प्रत्येक काटकीच्या बुडाला पांढरी, केसांसारखी मुळं. कुणाला बायकोच्या पर्समध्ये परक्या अक्षरातली चिठ्ठी सापडते. मला हे सापडलं. चहा पिताना तिनं शांतपणे सांगितलं की तिनं एक घर घेतलंय, शहरापासून दोन तासांवर, पुढे-मागे जमीन असलेलं, माहेरच्या वाटणीतून आलं त्यातून घेतलंय; आणि दर गुरुवारी ती मैत्रिणीकडे विणकामाला जात नव्हती, तिथे जात होती. मी विचारलं, मग तो अर्धवट स्वेटर. ती म्हणाली, तो विकतच तसा मिळाला. चाळीस वर्षं मी तिला थापा मारल्या, आणि तिनं एकच मारली, पण ती दोन महिने टिकली. माझी कुठलीही थाप जेवणाच्या पुढे टिकलेली नाही.

घर पाहिलं तेव्हा मी आधी फाटकापाशीच थांबलो, मग तिच्यामागून आत गेलो. पूर्वीचा मालक एकटा म्हातारा होता, त्याचं मागे कुणी नव्हतं, त्यामुळे तो गेला आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं. परक्या माणसाचं सामान आपण वापरू शकतो, पण त्याचा वापर वापरू शकत नाही. साबणाच्या वडीत रुतून बसलेला एक पांढरा केस, तिथेच सुकलेला, आता साबणाचाच झालेला. खिळ्याला लटकवलेलं भांडी पुसायचं फडकं, काढलं तर खिळ्याचा आकार घेऊन तसंच हवेत उभं राहिलं. गादीवर माणसाच्या पाठीएवढा पिवळट खोलगटपणा, त्यात तो अजून झोपलेला आहे आणि फक्त दिसत नाही असं वाटायला लावणारा. टेबलाच्या खणात आगपेटी आणि आगपेटीत नखं, कापलेली, नीट रचलेली. (हे मेहुण्यांना सांगताना मी नखं दातांइतकी मोठी केली, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. नखांच्या बाबतीत त्यांचा अनुभव खुरांचा.) स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती आणि ओलीवर बुरशीचे काळे, हिरवे, मखमली गोल, एकात एक शिरलेले. ते वाढताना दिसत नव्हते, पण सकाळी जेवढे होते तेवढे दुपारी नव्हते, असं माझं प्रामाणिक मत आहे. बायको या सगळ्यातून हातात बादली घेऊन अशी फिरत होती जसं कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकाच्या घरात फिरावं. तिनं तो साबण उचलला. बोटांनी उचलला, आणि त्या केसाकडे बघून म्हणाली, बिचारा. मी बाहेर येऊन उलटी केली. खरं तर झाली नाही, नुसता आवाज झाला, आणि आवाज ऐकून पलीकडच्या शेतातलं गाढव ओरडलं. मेहुणे हसले, पायरीवरची पाठ हसली नाही.

किळस ही भीतीसारखी नसते. भीती वाटली की माणूस पळतो आणि पळून गेला की संपते. किळस तुमच्यासोबत गाडीत बसून घरी येते, तुमच्या कपड्यांना लागून, आणि जेवायला बसलात की पहिला घास तिचा. मला तिची ओळख दुकानामुळे झाली असं मी सगळ्यांना सांगतो. लोकांचे चष्मे हातात घ्यायचे म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. नाकाच्या गादीवर साचलेलं हिरवं मेण, दांडीच्या टोकाला कानामागचा चिकट थर, काचेच्या कडेला पापणीचे केस, कोंडा, पीठ, कुणाच्या तरी दुपारच्या जेवणाचा थेंब. तो चष्मा नाकावर घालून ती माणसं कचेऱ्यांतून मोठमोठे निर्णय घेतात. मी चिमटा वापरत असे. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय नाजूक कारागीर. पण ओळख दुकानात झाली नाही. ती आईच्या खोलीच्या दारात झाली. आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती, माझ्या बहिणीकडे, म्हणजे याच मेहुण्यांच्या घरात, आणि मी दर रविवारी जायचो. दारात उभा राहून विचारायचो, कशी आहेस. आत तो वास असायचा, औषधाचा, ओल्या चादरीचा आणि त्याच्या खाली आणखी एक गोड, जड वास, ज्याचं नाव मला माहीत होतं आणि घ्यायचं नव्हतं. पाठीला जखमा झाल्या होत्या. बहीण तिला कुशीवर वळवायची, पुसायची, चमच्यानं भरवायची, ओठांच्या कडेनं ओघळलेलं त्याच चमच्यानं गोळा करून परत आत घालायची. मी घड्याळाकडे बघायचो. दुकान रविवारी बंद असतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी काय केलं, तर चष्मे केले. वर्षभरात चार. आईला नजर ठरत नव्हती, ती वाचत नव्हती, छताकडे बघत पडलेली असायची, पण मी नंबर तपासून, काचा घासून, नाकाला लागू नयेत म्हणून हलक्यात हलक्या फ्रेमचे चार चष्मे केले आणि ती छताकडे बघायची ते अगदी स्वच्छ, एकही ओरखडा नसलेल्या काचांतून. ती गेल्यावर बहिणीनं चारही माझ्याकडे परत दिले. एकाच्या काचेवर पेजेसारखं काहीतरी वाळलेलं होतं आणि त्यात अंगठ्याचा ठसा. मी तो आधी धुतला. रडणं वगैरे नंतर. हे मी व्हरांड्यात बोललो नाही. मेहुण्यांसमोर कसं बोलणार; त्या प्रत्येक रविवारी ते त्याच घरात, स्वयंपाकघरात, पाणी गरम करत असायचे.

पण बायको ते सगळं जाणून होती. इथे राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, ती अंजिराच्या झाडाखाली उकिडवी बसून गेल्या वर्षीची काळी, कुजलेली पानं दोन्ही हातांनी ओढत असताना तिनं मला विचारलं. वर बघितलं नाही. म्हणाली, "आईंचं वन्संनी केलं. माझं कोण करणार?" पानांखालून गांडुळं निघत होती, गुलाबी, एकमेकांत गुंतलेली, आणि ती बोटानं त्यांना हळूच बाजूला सारत होती. मी म्हणालो, असं काय बोलतेस, तुला काय झालंय. ती म्हणाली, आज काही झालेलं नाही, म्हणून आजच विचारतेय. तेव्हा मला कळलं की हे घर नव्हतं, ही माझी तपासणी होती; ती माझ्यासमोर एकेक पाटी धरून विचारत होती, हे दिसतंय का, हे दिसतंय का, आणि मी अक्षरं घोकून आलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतंय म्हणत होतो. अशी गिऱ्हाइकं मी हजारो पाहिली. नजर गेलेली असते आणि नोकरी जाऊ नये म्हणून पाटी पाठ करून येतात. त्यांना पकडायला मी पाटी उलटी करायचो.

वसंत म्हणजे काय ते शहरात कळत नाही. शहरात वसंत म्हणजे डोळे चोळत दुकानात येणारी माणसं. इथे तो सगळ्या बाजूंनी फुगत येतो. फांदीवरचा डोळा आधी लाल होतो, मग सुजतो, मग त्याच्यावर चीक येतो, मग एका सकाळी तो फुटतो आणि आतून चुरगाळलेलं, ओलं, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लासारखं काहीतरी बाहेर येतं, आणि लोक त्याला पालवी म्हणतात. अंजिराचं पान तोडलं तर देठातून पांढरं दूध गळतं आणि हाताला लागलं की खाज सुटते. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला होता, टाचणीच्या टोकाएवढे किडे, एकावर एक, एकाच्या पाठीवर दुसरा, हिरव्या घामासारखा, आणि बायको दोन बोटांत शेंडा धरून खालून वर अशी ओढायची की सगळा मावा चिरडून तिच्या बोटांवर हिरवा लगदा व्हायचा, आणि तो ती परकराला पुसायची आणि पुढच्या शेंड्याकडे वळायची. लिंबाचा मोहोर आला तर लोक म्हणे छाती भरून वास घेतात. मला त्यात ती ओली चादर यायची. जे जे वाढतं ते आधी कुजलेल्यावर वाढतं, आणि ते लपवायची इथे कुणाला गरज वाटत नव्हती. मी माझ्या परीनं घराची दुरुस्ती चालवली होती. म्हणजे काय, तर शहरातून आणलेली तांबडी पावडर, जी आम्ही भिंगांना शेवटची चकाकी द्यायला वापरतो, ती ओली करून मी खिडक्यांच्या काचा घासल्या. चौदा काचा, नऊ दिवस. बायको छपराची कौलं बसवून घेत होती, सुतार दारं रंधत होता, गवंडी ओल आलेल्या भिंतीचा गिलावा खरवडत होता, आणि मी काचा घासत होतो. सुतारानं मला नाव ठेवलं होतं, काचसाहेब. त्या काचा अशा झाल्या की एक चिमणी आरपार जायला निघाली आणि आपटून बेशुद्ध पडली. (तीन चिमण्या, मेहुण्यांना.) आणि त्या इतक्या स्वच्छ काचांतून मला बाहेरचा मावा, अळ्या, गांडुळं, खताच्या ढिगावरची वाफ, सगळं पूर्वीपेक्षा दुप्पट स्पष्ट दिसायला लागलं. हे माझ्या धंद्यातल्या माणसाच्या लक्षात आधी यायला हवं होतं.

मग मी ते केलं जे फक्त चष्मेवालाच करेल. शहरात जाऊन जुन्या दुकानात, माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता तिथे मालक असलेल्या माणसाच्या यंत्रावर, मी स्वतःसाठी एक चुकीचा चष्मा केला. मुद्दाम, मोजून मापून चुकीचा. हातभर अंतरापर्यंत सगळं विरघळेल आणि पलीकडे मात्र चालायला अडचण येणार नाही, असा. तो म्हणाला, सर, हा नंबर तुमचा नाही. मी म्हणालो, हा घराचा नंबर आहे. आणि काय सांगू, तो घातल्यावर त्या घरात मी पहिल्यांदा सुखी झालो. बुरशी म्हणजे ढगांची चित्रं. मावा म्हणजे कोवळा हिरवा रंग. गांडूळ म्हणजे काहीच नाही. आठ दिवस मी बायकोबरोबर बागेत काम केलं, गवत उपटलं, वाफे केले, बोलत राहिलो, विनोद केले, आणि एका दुपारी तिनं माझ्याकडे जरा वेळ बघून म्हटलं, बरं वाटतं तुम्हाला असं बघून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसलं असेल, पण चष्म्यामुळे मला तिचा चेहरा दिसला नाही. एक पुसट, उबदार गोळा दिसला. त्याच दुपारी मी तिचे वाटाणे उपटले. तीन वाफे. वीतभर झालेली रोपं, तिनं बी भिजवून, मोड आणून, एकेक करून लावलेली, काड्यांचा आधार दिलेली. मला सगळी एकसारखी हिरवी दिसत होती आणि मी जोरात होतो. ती विहिरीवरून आली तेव्हा रोपं एका ढिगात होती, मुळं वर करून. ती बराच वेळ उभी राहिली. मी म्हणालो, गोगलगाईंनी मुळं खाल्ली होती, सडलेली काढून टाकली. तिनं ढिगातलं एक उचलून त्याचं मूळ बघितलं, पांढरंशुभ्र, आणि परत ठेवलं. आता व्हरांड्यात हे मी मोकळेपणानं सांगून टाकलं, मोठ्यानं, पायरीकडे बघत: मेहुणे, गोगलगाई नव्हत्या, मी होतो, तो चष्मा मी त्याच दिवशी दगडानं फोडला. मेहुणे म्हणाले, गोगलगाई मुळं खात नाहीत, पानं खातात, हे वहिनींना माहीत असणार. असणारच, मी म्हणालो. एक खोटं स्वतःहून कबूल केलं की पुढचं सगळं खरं वाटतं. म्हणजे ते खरं असतंच, पण वाटतंही.

आणि मग ते चेंबर. वाटाण्यांनंतर चारच दिवसांनी स्वयंपाकघरातलं पाणी तुंबलं. मोरीतून ते उलटं वर आलं, करडं, वर चरबीचे गोल तरंगणारं, आणि घरभर असा वास सुटला की सुतार रंधा टाकून बाहेर गेला. प्लंबर आला, मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण उचलून आत बघितलं, अंजिराची मुळं आत शिरलीत म्हणाला, आणि भाचीच्या लग्नाला निघून गेला, आठ दिवसांनी येतो म्हणून. झाकण उघडंच. बायको त्या खड्ड्याच्या काठाशी उभी, मी तिच्यामागे. हाच तो क्षण आहे हे दोघांनाही कळलं होतं, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं, जशी बहीण आईला कुशीवर वळवताना माझ्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायची, माझी लाज राखायला. तेव्हा, मेहुणे, मी शर्ट काढला. मेहुण्यांनी भुवया वर केल्या. शर्ट काढला, पालथा पडलो, गाल त्या ओल्या सिमेंटवर टेकवला आणि हात घातला. मनगटापर्यंत गार. कोपरापर्यंत कोमट. का कोमट, ते मी विचारलं नाही. मेहुणे म्हणाले, कुजताना ऊब येते. बरोबर, तीच ऊब. बोटांना आधी काहीतरी केसांसारखं लागलं, मग साबणासारखं, मग मऊ आणि दाट, बोटांमधून वर येणारं, नखांत शिरणारं. हात खांद्यापर्यंत गेला तेव्हा मूठभर जाड मुळं हाताला लागली, ती मी धरली आणि ओढली. ती निघेनात. मी ओरडलो, ती वेणीसारखी पिळवटून बाहेर आली, मुळं, केस, चरबी, चिंध्या, हातभर, दोन हात, पाच हात, अंगणात त्या वेणीचं वेटोळं झालं, आणि तिच्या टोकाला काय होतं, तर म्हाताऱ्याची कवळी. वरची. आणि कवळीच्या दोन दातांमधून अंजिराचं मूळ आरपार गेलेलं, जणू म्हातारा अजून काडी चावत बसलाय. पाणी भळभळत गेलं, मोरीतून आवाज आला, घर मोकळं झालं. मी उठून बसलो. हात काळा, चकचकीत, थेंब गळणारा. मी तो नाकाशी नेला, मेहुणे, मुद्दाम, आणि वास घेतला, आणि काही झालं नाही. काहीही नाही. हसू आलं. वर्षानुवर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं झालं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत, हे झाड घ्या, ही माती घ्या, मला कशाचीही किळस वाटलेली नाही.

मी थांबलो. छान झाली होती गोष्ट. कवळी मला सांगता सांगताच सुचली होती, पण ती अशी चपखल बसली होती की माझा स्वतःचा तिच्यावर विश्वास बसला, उजव्या खांद्यात कळही आली. ऊन व्हरांड्यावरून उतरून पायरीवर गेलं होतं. मेहुणे बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, वास किती दिवस राहिला. तीन दिवस, मी म्हणालो. ते म्हणाले, माझा कधी आठवड्याच्या आत गेला नाही, नखांच्या मुळाशी राहतो, तुमची बहीण मला पहिली दोन वर्षं वेगळं बसून जेवायला लावायची, मग तिला सवय झाली. आणि मग, साधंच, बोलायचं म्हणून, त्यांनी पायरीकडे वळून विचारलं की वहिनी, तुम्ही तेव्हा काय केलंत. माझ्या मनात उत्तर तयार होतं. ती माझ्या हातावर तांब्यानं पाणी घालत होती, आणि रडत होती, आणि म्हणत होती, पुरे, पुरे. मी ते सांगायला तोंड उघडलंसुद्धा.

पाटीतले तिचे हात थांबले.

"खोटं आहे ते, भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "चेंबर मी साफ केलं. हे फाटकापाशी उभे होते, नाकाला रुमाल लावून, रस्त्याकडे तोंड करून. कवळीबिवळी काही निघाली नाही, नुसती मुळं होती." मग ती वळली आणि माझ्याकडे बघून बोलली, मेहुणे तिथे नसल्यासारखी. "तेवढंच असतं तर मी तुमची गोष्ट चालू दिली असती. मला आवडतात तुमच्या गोष्टी. पण त्या दिवसापासून मी चहा दिला की तुम्ही आत जाता, तो दुसऱ्या कपात ओतून घेता, आणि माझा कप विसळून ठेवता, मला कळू नये म्हणून. मला नळाचा आवाज येतो."